धावजीची गाठ

एप्रिल १९५८, संध्याकाळचे पाच. दारव्ह्याकडच्या आमच्या वसतिगृहात विहिरीवर अंघोळ करून पोरांची रांग जेवणघराकडे निघाली होती.

पुढच्याच्या कमरेच्या पंच्याचं टोक मागच्याच्या मुठीत, असा तिथला जुना शिरस्ता. मागून हिसका बसला की पुढच्यानं थांबायचं. अशी सगळी रांग थांबायची.

शेवटी मी होतो. माझ्यामागची जागा आधी धावजीची होती. टोक मुठीतून निसटू नये म्हणून तो माझ्या पंच्याच्या टोकाला गाठ मारायचा. होळीच्या सुमारास तो विहिरीवरून परतलाच नाही. ‘पळाला,’ अधीक्षक म्हणाले. त्याचे वडील, धनसिंग, बंजाऱ्यांच्या तांड्यावरून चालत आले.

“पोरगं घरी नाई आलं, गुरुजी. येकडाव विहीर उपसून पाहा.”

“तुझ्यासाठी पिण्याचं पाणी नासवू?”

एवढ्यावर चौकशी संपली. एका तांड्यावरच्या पोराची किंमत तेवढीच!

त्या संध्याकाळी वारा पडला होता. भाकरीचा वास येत होता. रांगेतल्या पहिल्या पोरापासून जेवणघराचं दार हाताच्या अंतरावर आलं, आणि माझ्या पंच्याला मागून हिसका बसला. मी थांबलो. रांग थांबली.

माझ्या पुढचा अय्यूब करवादला, “चाल ना बे! भूक लागली मले. काहून थांबला?”

“मागून ओढलं...”

“तुह्या मागं कोण हाय? तूच तं शेपूट!”

मी वळलो. मागे मोकळी पायवाट. भाकरीचा वास गेला होता. शेवाळाचा येत होता. पंचा अजून ताणलेलाच...

“अय्यूब... सोडत नाई रे...”

तेवढ्यात कडकड आवाज झाला. जेवणघराचं आढं छपरावरच्या कवेलूंसकट खाली आलं. आत कुणी नव्हतं; आचारी मागच्या चुलीवर होता. धूळ खाली बसली तेव्हा पंचा सैल पडला. मघाशी मी तो कोरडा नेसला होता. आता टोक निथळत होतं. त्याला गाठ होती.

अय्यूबनं ती पाहिली. मग विहिरीकडे तोंड करून हळूच म्हणाला, “धावजी, जेवून घे रे.”

आज माझे केस पिकलेत. त्यानंतरची सगळी वर्षं मला धावजीनं दिली, हे मी डोकं ताळ्यावर ठेवून लिहितो आहे. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. जो मागे राहिला, त्यानंच आम्हाला राखलं.

त्याच आठवड्यात पडक्या जेवणघराची माती आणि कवेलू टाकून वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेनं ती विहीर बुजवली. भर उन्हाळ्यात, पिण्याच्या पाण्याची. बुजवण्याआधी उपसली नाही. हुकूम कुणाचा होता, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.