चार दिवस उशिरा

“माझा आकडा कमी करून मिळेल का?” त्याने दारातूनच विचारलं, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मी कॉम्प्युटरवरून मान वर करून समोरच्या माणसाकडे नीट पाहिलं.

हात मागे ताणून त्याने निथळती छत्री दाराबाहेर धरली होती. माझ्या फायली भिजू नयेत म्हणून. स्वतः मात्र अर्धा भिजला होता. अकरा दिवस तीच कंटाळवाणी रिपरिप चालू होती आणि त्यात आमच्या कक्षात स्वतःहून कुणी फिरकलं नव्हतं.

आमचा मोजणी कक्ष विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली, तळघरात. कोणत्या प्राध्यापकाने किती शोधनिबंध लिहिले, कुणासोबत लिहिले, आणि पुढे किती जणांनी आपल्या लिखाणात त्या निबंधांचा हवाला दिला – त्याला सायटेशन म्हणतात – हे मोजायचं आणि सही-शिक्क्याचा कागद द्यायचा, एवढंच आमचं काम. इथे येणारा प्रत्येक जण आकडा वाढवून मागायला येतो. कुणी दोन पानी टिपण निबंधात धरा म्हणतो. कुणी स्वतःच स्वतःचा पंधरा वेळा हवाला देऊन आपली पाठ थोपटून घेतो. काही जोड्या तर अशा, की हा त्याचा हवाला देतो आणि तो ह्याचा. अहो रूपं, अहो ध्वनी! बेरजा करकरून मी इतकी थकले होते की घरी आईने “किती भात वाढू?” विचारलं तरी उत्तर द्यायचा कंटाळा यायचा.

तर हा आकडा कमी करून मागत होता. मी म्हटलं, “आत या आधी. छत्रीसकट.”

त्याला मी नावाने नाही, पण ऐकून ओळखत होते. भिंतीत ओल कशी चढते आणि कशी सुकते, यावर तो संशोधन करायचा. ओलीवर काम करणारे सर म्हणून आमच्या कक्षात त्याचं नाव पडलं होतं ‘ओलसर’. समोर बसलेला तो खरंच ओलसर दिसत होता, आणि मला हसू दाबायला खोकावं लागलं.

मी त्याचं पान उघडलं. सहा वर्षं करारावर. कायम व्हायला दोनशे सायटेशन लागतात, याची दोनशे बारा होती. आणि सहलेखकांच्या रकान्यात शून्य. सगळे निबंध एकट्याने लिहिलेले.

“एकही सहलेखक नाही?”

“माझ्यासोबत काम करणारी माणसं दमतात,” तो म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता त्यात.

मग त्याने भानगड सांगितली. दोनशे बारांपैकी त्रेसष्ट सायटेशन एकाच जुन्या निबंधाची होती. चुन्याच्या एका गिलाव्याने भिंत दुप्पट वेगाने सुकते, असं त्याने त्यात दाखवलं होतं. दोन वर्षांनी प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघाली, कपाटं हलवली, तेव्हा कळलं की ज्या भिंतीला लागून त्याचे नमुने ठेवले होते, तिच्या आतून गरम पाण्याचा पाइप जात होता. भिंत सुकवली ती पाइपाने. गिलाव्याचा काही संबंध नव्हता. त्याने लगेच दुरुस्तीचं टिपण छापलं. त्याला सायटेशन किती? शून्य. चुकीचा निबंध मात्र दरवर्षी वाढत होता. आता तो निबंधच मागे घ्यायचा म्हणत होता.

मी त्याला स्पष्ट सांगितलं, निबंध मागे गेला की उरणार एकशे एकोणपन्नास. शुक्रवारी, दोन आठवड्यांनी, संध्याकाळी पाचला जो आकडा असेल तो समितीपुढे जाणार. एवढी घाई कशाला? शनिवारी मागे घ्या. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

“कुणीतरी त्या गिलाव्यावर भरवसा ठेवून शाळेची भिंत बांधतंय,” तो म्हणाला. “मला पत्र आलंय त्यांचं. आभाराचं.”

मी विचारलं, मागे घ्यायला काय काय लागेल?

निबंध ज्या नियतकालिकात आला होता, त्याच्या संपादकांची एकच अट होती. त्रेसष्टांपैकी कुणी निबंधावर विसंबून पुढचं काम केलंय, याची यादी हवी, म्हणजे त्यांना कळवता येईल. आणि ती यादी लेखकाने करायची नाही, त्रयस्थाने करायची. यादी पोहोचेल त्याच दिवशी ते निबंध मागे घेणार होते. त्रयस्थ म्हणजे मी.

मी वाचायला लागले. आठ वर्षं मी सायटेशन मोजली होती, वाचलं एकही नव्हतं. त्रेसष्टांतल्या एक्केचाळीस जणांनी त्याचा हवाला दिला होता तो ‘हे चूक आहे’ असं सांगायला! शिव्यासुद्धा आमच्या बेरजेत गुण म्हणून जमा होत होत्या. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो इतका मोकळा हसला की आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे कक्षप्रमुखांनी, चष्म्यावरून पाहिलं.

अवघड भाग समजावून द्यायला तो रोज दुपारी यायचा. सोबत चहाचा थर्मास आणि एकच कप. कप माझ्यापुढे सरकवून स्वतः झाकणातून प्यायचा, आणि दर वेळी जीभ पोळून घ्यायचा. मी एकदा विचारलं, दुसरा कप का आणत नाही? तो थर्मासकडे बघत म्हणाला, “झाकण पटकन रिकामं होत नाही… तेवढंच बसता येतं.” त्या दुपारी मी एक परिच्छेद चार वेळा वाचला आणि मला त्यातलं काहीही कळलं नाही.

घरी मी त्याच्याबद्दल बोलत असायचेच, म्हणून रविवारी आईने त्याला घरी बोलावून घेतलं. निमित्त स्वयंपाकघरातल्या भिंतीचं. तिथला रंग सोलून निघत होता. त्याने भिंतीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, हात हळूहळू वर सरकवत नेला आणि एका जागी थांबून म्हणाला, इथे मागे नळ गळतोय. मी त्या हाताकडे बघत राहिले. मला बघायला आलेल्यांनी आजवर वय विचारलं होतं, उंची विचारली होती, पगार विचारला होता. इतक्या सावकाश कुणी काही समजून घेताना मी पाहिलं नव्हतं. तो गेल्यावर आई म्हणाली, “पोरगा बरा आहे. पण माणसांपेक्षा भिंतीशी जास्त बोलतो.” मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तू भिंतीजवळ उभी राहत जा.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, यादी पूर्ण झाली. बावीस नावं. एक कळ दाबली की जाणार होती.

मी दाबली नाही.

एकशे एकोणपन्नासवाल्याचा करार वाढत नाही. सत्र संपलं की तो खोली रिकामी करून दुसऱ्या गावी जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी स्वतःला सांगितलं, चारच दिवसांचा प्रश्न आहे. शुक्रवारी पाच वाजू देत, पाच वाजून एक मिनिटाने पाठवू. तो कायम होईल आणि शाळेची भिंत काय चार दिवसांत पडत नाही. दुपारी तो आला, चहा ओतला, आणि मी म्हटलं, “अजून थोडं बाकी आहे.” मंगळवारी तेच. बुधवारी तेच. गुरुवारी त्याने विचारलंच नाही.

शुक्रवारी दुपारपर्यंत मला अन्न गोड लागेनासं झालं होतं. दुसऱ्यांचे फुगवलेले आकडे बघून आठ वर्षं नाकं मुरडली, आणि आता तेच मी करत होते, तेही अशा माणसासाठी, ज्याने ते मागितलंच नव्हतं. तो आला तेव्हा मी त्याला थर्मास उघडू दिला नाही.

“यादी सोमवारीच झाली होती,” मी म्हटलं. “मी दाबून ठेवली. तुम्ही इथून जाऊ नये म्हणून.”

त्याने थर्मास टेबलावर ठेवला. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “सोमवारी तुमच्या फाईलवर ‘पूर्ण’ असा शिक्का पाहिला मी.”

“मग मागितली का नाही?”

“मागितली असती तर… तुम्ही दिली असती.”

माझे डोळे भरून आले. इतके दिवस मी त्याला साधा समजत होते. तो साधा नव्हता. तोही माझ्याइतकाच दमला होता, आणि चार दिवस त्यानेही चोरले होते.

आम्ही दोघांनी मिळून ती कळ दाबली, म्हणजे दाबली मीच, त्याने फक्त टेबलाच्या कडेवर माझ्या हाताशेजारी हात ठेवला. चार वाजता त्याच्या पानावर एकशे एकोणपन्नास उमटलं. पाचला मी कागद छापला, सही केली, शिक्का मारला. शिक्का वाकडा उमटला. मोठ्या बाईंनी तो पाहिला आणि कागद तसाच पाकिटात घातला.

समितीने अपेक्षेप्रमाणे नाही म्हटलं. त्याला सहा तासांवरच्या एका लहान गावात, छोट्या कॉलेजात जागा मिळाली. सत्राच्या शेवटच्या दिवशी तो तळघरात आला. पाऊस चालूच होता, पण या वेळी गडबडीत छत्री त्याने थेट माझ्या फायलींवर ठेवली. निबंध मागे घेतल्याची सूचना छापून आली होती. तिचा स्वतः लिहिलेला कच्चा खर्डा त्याने माझ्यापुढे ठेवला. संपादकांनी शेवटची ओळ कापली होती, तांबड्या शाईने. तरी वाचता येत होती.

‘ही यादी चार दिवस उशिरा मिळाली. त्या चार दिवसांसाठी यादी करणारीचा मी आयुष्यभर ऋणी आहे.’

“ही ओळ कुठे मोजली जाणार नाही,” मी कसंबसं म्हटलं.

“म्हणून तर लिहिली.” तो खाली बघत होता. “तिकडे मोजणी कक्ष नाही. पण गावभर भिंती ओल्या आहेत, आणि नोंदी ठेवायला… मी आधीच सांगितलंय, माझ्यासोबत माणसं दमतात.”

“मी दमलेलीच आहे,” मी म्हटलं. “आणि तू मला आवडतोस.”

त्याने पिशवीतून थर्मास काढला. मग दोन कप.