शांततेचं मिनिट

हे मी रचून सांगत नाही. ज्याच्यावर बेतलं तो माझा सख्खा मामा, आणि ज्या खोलीत घडलं तिथे मी लहानपणी लपाछपी खेळलोय. विश्वास ठेवा, नका ठेवू. सांगताना मामाने एकदाही मान वर केली नाही, एवढं मी स्वतः पाहिलंय.

रात्र नव्हती, वादळ नव्हतं. मंगळवार होता आणि दुपारचे चार वाजले होते.

मामा पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. जिन्याशेजारची अडगळीची खोली त्याने रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आणि दाराबाहेर लाल दिवा लावला. दिवा लागला की घरात कुणी शिंकायचं नाही. आजोबा तर चपला हातात घेऊन खोलीबाहेरच्या बोळातून जायचे. खोकला आला की तोंडात टॉवेल कोंबायचे. तरी मामा खेकसायचाच.

"बाबा, तुमच्यापायी अख्खं पान पुन्हा वाचावं लागतं!"

"बरं," आजोबा म्हणायचे. दुसरं काही नाही.

वाचून झालं की मामा एक मिनिट गप्प बसून रेकॉर्डिंग चालूच ठेवायचा. नुसती खोलीची शांतता. वाक्यांमधला ठसका, अडखळणं कापलं की त्या जागी ही शांतता चिकटवायची. त्याला तो शांततेचं मिनिट म्हणायचा.

त्या मंगळवारच्या तीन महिने आधी आजोबा त्याच दाराबाहेर कोसळले होते. मामा बाहेर आला तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी कळलं असतं तर...

मामा माझ्या आईला म्हणाला होता, "कानात हेडफोन होते गं ताई. मला काहीच ऐकू आलं नाही."

आईने धाकट्या भावाला पोटाशी धरलं होतं.

तर त्या मंगळवारी मामाने पुस्तकाचं शेवटचं प्रकरण संपवलं आणि प्ले दाबलं.

पडद्यावरचे हिरवे पट्टे वरखाली नाचत होते...

आवाज मात्र नाही.

त्याने वायर काढून पुन्हा खोचली. सेटिंगमध्ये स्पीकर बदलून पाहिला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. गंमत म्हणजे दुसरं काहीही लावलं तर खणखणीत वाजत होतं. हे एक सॉफ्टवेअर तेवढं मुकं झालं होतं. वैतागून त्याने ते काढून पुन्हा टाकलं.

तरी तेच.

शेवटी त्याने ओळखीच्या साउंडवाल्याला बोलावलं. त्या दिवशी आई घरी आली होती. ती चहा घेऊन आली आणि तिथेच दारात टेकली.

साउंडवाला दोन मिनिटांत हसला. "अहो दादा, हे काय! एका ट्रॅकचं सोलो बटण दाबलंय तुम्ही. मग तो एकटाच वाजणार, बाकी सगळे गप्प."

"मी नाही दाबलं."

"हा बघा ना, सगळ्यात खाली. नाव दिलंय 'शांतता'."

मामाने तारीख पाहिली. आजोबा गेले ती दुपार.

तो ट्रॅक या पुस्तकात नव्हताच.

साउंडवाल्याने बटण बंद केलं, प्ले दाबलं. बटण आपोआप पुन्हा पेटलं. त्याने तीनदा केलं. तिन्ही वेळा तसंच.

"आवाज वाढवतो. बघू तरी काय आहे."

"काही नाही त्यात! रिकामा आहे तो. पुसून टाका!" मामा जवळजवळ ओरडलाच.

पण साउंडवाल्याचं बटण दाबून झालं होतं.

आधी नुसती घरघर...

मग...

टक. टक.

हळूच. आतल्याला त्रास होऊ नये म्हणून वाजवतात तसं.

आणि पाठोपाठ मामाचा आवाज. "थांबा हो जरा! लाल दिवा दिसत नाही का?"

आईने हातातला कप खाली ठेवला.

ते सहा सेकंद मामाने स्वतः कापले होते. आजोबांना जाऊन तीन दिवस झाले होते तेव्हा. कापण्याआधी दहा वेळा ऐकले होते. त्या दुपारीही हेडफोनमध्ये ती टकटक बाहेर ऐकू येईल त्यापेक्षा मोठी ऐकू आली होती. उरलेली शांतता मात्र त्याने ठेवली, कारण ती स्वच्छ होती. चक्क वापरलीसुद्धा.

पण पुढचं त्याने कधीच ऐकलं नव्हतं. ते तेव्हा रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं.

स्पीकरमधून, अगदी दाराला ओठ लावून बोलल्यासारखं...

"बरं. थांबतो."

साउंडवाला उठला. पिशवी उचलली आणि चहाला हातही न लावता निघून गेला.

"तू ऐकलं होतंस," आई म्हणाली.

मामाला धरणी दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. त्याने होकारार्थी मान हलवली.

आई ओरडली नाही. तिने दार सताड उघडलं आणि रिकाम्या बोळाकडे बघत म्हणाली, "बाबा, झालं त्याचं. या आत."

कुणी आलं नाही. ती मात्र त्यानंतर वर्षभर मामाशी बोलली नाही.

मामाने तो ट्रॅक पुसला. कॉम्प्युटर बदलला. सुतार बोलावून दारच काढून टाकलं. आता तिथे नुसती चौकट आहे.

तरी दर रेकॉर्डिंगच्या शेवटी, शांततेच्या मिनिटात, लाकडावर दोनदा वाजतं.

टक. टक.

मामा प्रत्येक वेळी हेडफोन काढतो आणि मोठ्याने म्हणतो, "या, बाबा." मग पुन्हा लावून ऐकतो.

"बरं. थांबतो."

"माझं 'या' त्यांच्यापर्यंत पोचतच नाही रे," मामा मला म्हणाला. "माझं 'थांबा' तेवढं पोचलं."

आम्ही कुणी एकमेकांना सांगितलेलं नाही, पण त्या बोळातून जाताना सगळेच भिंतीला घासून जातो. दारासमोर एका माणसापुरती जागा सोडून.