झुलत्या पुलावरचं तिसरं पाऊल

ते मोबाइल जरा खाली ठेवा, पोरांनो. पावणेदहा झालेत, लाइट कधी येईल त्याचा भरवसा नाही, बॅटरी वाचवा. पुलाचे फोटो सकाळीही तसेच राहतील. परदेशात निघालाच आहात, जंगलातला झुलता पूल बघायचं ठरवलंय, तर जा. माझी ना नाही. फक्त आमच्या साडूबुवाचं काय झालं ते ऐकून जा. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, आणि ते भूत होतं असंही मी म्हणत नाही.

साडूबुवा म्हणजे तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. लिफ्ट दुरुस्त करतो. उभा जन्म तारांना लोंबकळून काढला, त्यामुळे उंचीची भीती कशाशी खातात हे त्याला ठाऊक नाही. लिफ्टमध्ये पोर अडकलं की त्याची एक पद्धत ठरलेली. पोराकडे पाठ करून उभं राहायचं आणि त्याला मागून शर्ट धरायला सांगायचं. समोर नुसती पाठ दिसली की पोर घाबरत नाही, आणि आपले दोन्ही हात मोकळे राहतात, असं त्याचं म्हणणं. आजवर एकाही पोराला त्याने मागे सोडलं नव्हतं. स्वतःला मूलबाळ नाही. नवराबायकोने ते दुःख कधी चारचौघांत काढलं नाही, पण आम्हाला दिसायचं.

तर दोघं परदेशात गेले होते, तिथली ती एका दिवसाची सहल होती. दाट ओलं जंगल, खोल दरी, दरीवर तारांचा पूल, जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. सगळ्यांनी पूल ओलांडला, पलीकडे बाकांवर डबे खाल्ले आणि परत आले. बसमध्ये चढताना मेहुणीच्या लक्षात आलं की थर्मास पलीकडेच राहिला. दुसऱ्या कुणी त्यावर पाणी सोडलं असतं. आमचा साडूबुवा एकवेळ बायकोला विसरेल, थर्मासला नाही. त्याने हातवारे करून राखणदाराला पटवलं. राखणदाराने दोघांना सोडलं आणि मागे फाटक लावून घेतलं.

पलीकडे चिटपाखरू नव्हतं. बाकांच्या पुढे वाटच नाही, नुसतं जंगल. थर्मास जागेवर होता. तो घेतला आणि दोघं परत निघाले. पुढे ती, मागे हा. तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. चार हातांपलीकडचं दिसेना.

मध्यावर आले तेव्हा त्याच्या पायांना काहीतरी जाणवलं. तार कशी हलते त्यावरून लिफ्टमध्ये किती माणसं आहेत हे ओळखणारा तो माणूस. पुलावर दोघांची पावलं होती.

आणि मागे आणखी एकाचं. हलकं.

तो थांबला. तीही थांबली. पूल शांत व्हायला हवा होता. झाला नाही. मागे एक पाऊल पडलं... मग जरा थांबून दुसरं. एकेक फळी चाचपत कुणीतरी येत होतं.

"अगं, पोर आहे वाटतं," तो म्हणाला. "कुणाचं तरी राहिलंय मागे."

"पलीकडे कुणी नव्हतं. आपण बघितलं ना. चला."

"घाबरलं असेल ते. सोडून कसं जायचं?"

"अहो, मी सांगते ना. हाक मारू नका."

इथे त्याने बायकोचं ऐकायला हवं होतं. मी आजही त्याला हेच म्हणतो. त्याने मागे वळून पाहिलं. धुकं, बाकी काही नाही. मग त्याने पुन्हा पाठ केली, दोन्ही हातांनी बाजूच्या तारा पकडल्या, आणि त्या परक्या मुलखात चक्क मराठीत म्हणाला, "घाबरू नकोस बाळा. खाली बघू नकोस. माझा शर्ट धर आणि ये."

पावलं थांबली.

बराच वेळ काहीच नाही...

मग मागून शर्ट ओढला गेला.

त्याला हायसं वाटलं, बघा. सापडलं एकदाचं, असं वाटलं. तो चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर मेहुणीने वळून पाहिलं. पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"केवढं आहे गं?" त्याने विचारलं.

ती त्याच्या पाठीमागे बघत राहिली.

"अगं, केवढं आहे पोर?"

"तुमच्या मागे... कुणी नाही."

"मग शर्ट कुणी धरलाय?"

"पोटावर ताणलेला दिसतोय मला. पण मागे कुणी नाही हो. चला. थांबू नका."

तो थांबला नाही. वळलाही नाही. सोड, असा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. पण ज्याला आपणच धर म्हटलं, त्याला दरीच्या मध्यावर सोड कसं म्हणायचं? नाही म्हणवलं त्याला. ती पुढे. तो मागे. आणि त्याच्या मागे ते.

एक पाऊल. एक पाऊल.

राखणदाराने दोघांना आत घेतलं आणि लगेच फाटकाला कुलूप घातलं. साडूबुवाने कमरेजवळ हात धरून विचारलं, एवढं पोर आलं का? सहलीच्या गाईडने राखणदाराचं उत्तर सांगितलं. या पुलावर लहान मुलांना सोडत नाहीत. पूर्वी सोडायचे.

धुक्याने शर्ट चिंब झाला होता. हॉटेलात रात्रभर पंख्याखाली वाळला. कमरेपाशी, मागच्या बाजूला, एक जागा वाळली नाही. लहान पंजाएवढी. घरी आल्यावर मेहुणीने तो शर्ट टाकून दिला. त्याने नवाकोरा घातला. तासाभरात तीच जागा ओली. या हाताने मी चाचपून पाहिलीय. थंडगार लागते.

पहिले काही महिने ती बिचारी रोज रडायची. आता रडत नाही. शर्टांना इस्त्री करते, तेवढी जागा सोडून.

याला तीन वर्षं झाली. परवा दोघं इथे येऊन गेले. निघताना साडूबुवा चपला घालायला वाकला आणि त्याची पाठ माझ्याकडे झाली.

ओल होतीच. पण कमरेपाशी नव्हती. चांगली वीतभर वर सरकली होती. आणि पंजाही आता तेवढा लहान राहिलेला नव्हता.