तुलनेच्या बशा

कॅन्सरची गाठ काढायला ऑपरेशनला आत नेत असताना ताई धाकटीला म्हणाली होती, "घे, तुला आंदण दिली. नीट सांभाळ हं!"

ताई ठणठणीत बरी झाली. गाठीतल्या पेशी मात्र धाकटीच्या प्रयोगशाळेत, काचेच्या बशांतल्या गुलाबी रसात मजेत वाढत राहिल्या. धाकटी शास्त्रज्ञ. "वाढा, वाढा" असा जो निरोप कॅन्सरच्या पेशीत आतल्या आत फिरतो, तो वाटेतच अडवणारं औषध शोधण्यात तिचं अख्खं तारुण्य गेलं होतं. आता एकच प्रयोग उरला होता. तो जमला की औषध माणसांपर्यंत!

औषधाआधी पेशींना दिवसभर उपाशी ठेवायचं, ही तिथली रीतच. धाकटीने रसातलं खाणं काढून घेतलं आणि संध्याकाळी घरी आली.

ताई ओट्याशी उभ्याउभ्याच खात होती. पातेल्यातून, हाताने.

"अगं, हळू! दुष्काळातून आलीस का?"

"हसू नकोस. पोटात आग पडलीये. कितीही खाल्लं तरी आत काही पोचतच नाहीये गं."

धाकटीला उपाशी बशा आठवल्या. सकाळी तिने धावत जाऊन बशांत खाणं ओतलं. थोड्याच वेळात ताईचा फोन.

"भरलं बाई एकदाचं!"

झालं, सुटलो म्हणावं ना? छे! एकदा घडलं तो योगायोग, असं मानणारी ती पक्की शास्त्रज्ञ. तिने पेशी पुन्हा उपाशी ठेवल्या. ताई भुकेने रडली. मग आणखी एकदा, खात्रीसाठी. या खेपेला ताई साबणाची वडी चावताना सापडली.

खात्री पटली.

आता औषध घालणं म्हणजे काय, हे धाकटीला लख्ख कळत होतं. पण इतकी वर्षं? आणि अर्ध्याच बशांत तर घालायचं होतं. उरलेल्या तशाच ठेवतात, तुलनेसाठी.

तिने थेंब सोडले.

त्या बशांतल्या पेशी विझत गेल्या. एकही चुकली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी ताई टेबलाशी बसून जेवत होती. धाकटीचा जीव भांड्यात पडला.

"आज भूक बेताचीच आहे बघ."

ताईचा उजवा हात चमचा तोंडाशी नेत होता. डावा मांडीवर पडला होता, पांढराफटक. डावा डोळा उघडाच होता. त्याच्यावरून एक माशी निवांत चालत गेली.

"अशी काय बघतेस?" ताई हसली. अर्ध्याच तोंडाने.

धाकटीने खुर्ची जराशी सरकवली आणि दोन्ही बाजू सारख्याच स्पष्ट दिसतील अशी, बरोबर समोर बसली.