गडूच्या तोंडाशी

पाइप विकणाऱ्यांना भेट म्हणून द्यायचं तरी काय? छत्री मेव्हण्याकडे जाते, टी-शर्टाने मोटरसायकल पुसली जाते, डायरीत पोरं रेघोट्या ओढतात. तरीही वाटप सुरू झालं की हेच लोक भरली ताटं टाकून रांगेत उभे. मी आणि माझा नवरा आल्हाद नाशकात इव्हेंटचा धंदा करतो, त्यामुळे हा फुकटेपणा मी पोटभर पाहिलाय.

गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर पाइप कंपनीचा डीलर मेळावा होता. कंपनीच्या साहेबांना 'अविस्मरणीय अनुभव' हवा होता. हे शब्द उच्चारताना ते चक्क डोळे मिटायचे. मी म्हटलं, तांब्याचा गडू देऊ. एका बाजूला तुमचा लोगो, दुसऱ्या बाजूला पाहुण्याचं नाव, त्याच्यासमोर बसून कोरलेलं. साहेब विरघळले.

कोरणारा भांडीबाजारात मिळाला. बहिरू नावाचा, तंबाखूने दात काळे झालेला माणूस. छिन्नी, हातोडी आणि बसायला पोतं एवढंच सामान. त्याची एक अट होती. नाव कागदावर लिहून द्यायचं नाही. ज्याचं त्याने वाकून गडूच्या तोंडाशी सांगायचं. मग तो गडू कानाला लावून ऐकणार आणि कोरणार.

"असं का?" आल्हादने विचारलं.

"रीत हाय आमची."

असल्या रीतींचा मला तिटकारा आहे, पण रील झकास होणार होती.

मेळाव्यात पहिला कोण म्हणून सगळे लाजत बसले, तेव्हा आल्हाद पुढे झाला. त्याला सगळीकडे पुढे व्हायचंच असतं. मी सरसकट 'सर' म्हणून निभावते. हा प्रत्येक डीलरला नावाने हाक मारणार, वर त्यांच्या मुलांचे मार्क विचारणार. या चिकटपणावर आमचं घर चालतं, हेही खरं. तो वाकला आणि गडूत पुटपुटला. सगळे हसले. बहिरूने गडू कानाशी धरला, मान हलवली आणि ठोकायला घेतलं. मग रांग लागली. देवळ्याचे सहादूभाऊ तर गडूत ओरडलेच.

"आल्हाद, माइकचं बघ जरा," मी म्हटलं. तो शेजारीच उभा होता, पण हलला नाही. मी आवाज चढवून पुन्हा हाक मारली. शेवटी खांद्याला हात लावला तेव्हा वळला.

"मला म्हणालीस?"

चारचौघांत भाव खातोय असं वाटलं. मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

जेवणानंतर लकी ड्रॉ होता. पहिलं बक्षीस टीव्ही. निवेदिका अंजलीने चिठ्ठी उघडली.

"देवळ्याचे सहादू पवार!"

कुणी उठलं नाही. सहादूभाऊ पहिल्या रांगेत गडू मांडीवर घेऊन टाळ्या वाजवत होते. जो माणूस फुकटची छत्री सोडत नाही, तो टीव्ही सोडेल? मी त्यांच्याजवळ गेले.

"अहो, तुमचं नाव घेतलं."

"माझं? नाय, ताई."

मी गडूवरची अक्षरं दाखवली. त्यांनी बोट फिरवत ती वाचली.

"चांगलं नाव हाय," ते म्हणाले. "कोन हे?"

अंजलीने दुसरी चिठ्ठी काढली. येवल्याचे नवनाथ. मग तिसरी काढली. दर नावाला सगळा मेळावा मनापासून टाळ्या वाजवत होता आणि कुणीही उठत नव्हतं.

मी आल्हादकडे धावले.

"तुझं नाव सांग."

"काहीतरीच काय!"

"सांग."

त्याने तोंड उघडलं. मग तो खिसे चाचपू लागला, किल्ली हरवल्यासारखा.

बहिरू पोतं गुंडाळत होता. मी त्याचं मनगट धरलं.

"परत दे त्याचं."

"माझ्याकडं काय नाय, बाई. गडू तुमच्याकडंच हाय."

संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला. पाहुणे बेहद्द खूश, पुढच्या वर्षीही हाच अनुभव ठेवा. मूर्ख माणूस.

आल्हादला बाकी सगळं आठवतं. आमचं लग्न, घराचे हप्ते, माझ्या आईची औषधं. फक्त हाकेला तो वळत नाही. डॉक्टर म्हणाले, ताण आहे. ज्याला लोकांच्या नावांचं एवढं वेड, त्याला स्वतःचं सांगितलं तर तो परक्याचं ऐकावं तसं सभ्यपणे ऐकून घेतो. मला माझा नवरा परत हवा आहे. मी चिडून हाक मारते, लाडाने मारते, बाथरूमच्या दाराशी उभी राहून मारते.

आल्हादचा गडू इतके दिवस गाडीच्या डिकीतच होता. काल दुपारी मी तो घरात आणला, चिंचेने घासून लख्ख केला आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. बाहेर येऊन आल्हादसमोर बसले. तो पेपर वाचत होता.

"आल्हाद," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

त्याने पान उलटलं.

"ओ," फळीवरून उत्तर आलं. त्याचाच आवाज, हसरा.

आल्हादने पेपर खाली केला.

"आत कोण आहे गं?"