आ कर, मीनू

दीड वर्षांच्या मीनूपुढे वरणभाताचा घास धरला की शर्वरी स्वतःच आ वासायची. सगळ्याच आया वासतात. वर्षापूर्वी मात्र तिला ते जमत नव्हतं. कानापुढचा जबड्याचा सांधा कट्‌कन वाजायचा आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडून अडकायचं. सांध्यातली मऊ चकती जागची सरकली होती, आणि दात आवळण्याची सवय तिला परत जागेवर बसू देत नव्हती.

डॉक्टर गोडांब्यांनी तिच्या दोन्ही कानांपुढे नखाएवढ्या टिकल्या चिकटवल्या. सैलटिकल्या. स्नायू आवळू लागला की बारीक विद्युतस्पंद देऊन जबडा सैल सोडायचा, एवढंच त्यांचं काम.

"त्या तुमच्याकडूनच शिकतात," डॉक्टर म्हणाले होते. "म्हणून फक्त झोपताना लावा."

पण शर्वरीचे दात सगळ्यात जास्त आवळायचे ते मीनूला भरवताना. एकेक घास गालात धरून पोरगी बसून राहायची. मग शर्वरी टिकल्या दिवसाही ठेवू लागली. दुखणं पळालं.

त्या दुपारी ती भात कालवत होती. मीनूने पंख्याचा रिमोट आपटून उघडला. तिच्या चिमटीत चकचकीत, गोल सेल होता.

"फेक ते, मीनू!" शर्वरीला ओरडायचं होतं. पण ओठ मिटलेच नाहीत. समोर मीनू, हातात भात, जबड्यात ताण. टिकल्यांनी महिनोन्‌महिने हेच पाहिलं होतं आणि त्यानंतर ती आ वासते तेही. जबडा आपोआप खाली ओढला गेला.

"आऽऽ!"

मीनू हसली. शहाण्यासारखा आ करून तिने सेल तोंडात टाकला.

शर्वरीने झेप घेतली, बोट तिच्या गालात घातलं. इवले दात कचकन रुतले. सेल फरशीवर पडला. शर्वरीचं तोंड अजून उघडंच होतं.

"गिळला असता तर अन्ननलिका जळली असती," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. "दिवसा का लावल्यात?"

"आईपण झोपेपुरतं असतं का हो, डॉक्टर?"

डॉक्टरांनी तिच्या कानांपुढच्या टिकल्या सोडवल्या. "टिकल्या जे शिकल्या ते मी पुसतो. तुमचे स्नायू काय शिकलेत, ते मला दिसत नाही."

संध्याकाळी टिकल्या डबीत बंद होत्या. शर्वरी ओठ घट्ट मिटून भरवायला बसली. मीनूने रिकामा चमचा उचलून तिच्याच तोंडापुढे धरला.

"आई, आ!"

कट्‌. सांधा वाजला, तोंड उघडलं.

ते आता कोण उघडत होतं?