डाळोबाची करंगळी

लातूरच्या एका डाळमिलच्या जाहिरातीचा डाळोबा साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होता. रांजणाएवढं पिवळं पोट, झुपकेदार मिशा, खाली धोतर. आठवडी बाजारात तो आला की पोरं मागं लागायची. त्या सोंगाच्या आत मन्मथअप्पा आहेत, हे मात्र कुणाच्या खिजगणतीतही नसायचं.

आतून धड दिसायचं नाही, म्हणून मिलमधलेच पाशामियाँ त्यांना हात धरून चालवायचे. डाळोबानं तोंड उघडायचं नाही, ही मालकांची ताकीद. मग दोघांनी खुणा ठरवल्या. पाशामियाँनी मनगट दाबलं की पुढं पायरी. अप्पांनी करंगळी ओढली की तहान. वीस वर्षं चालला हा संसार. पाशामियाँचं घरीसुद्धा कुणाशी इतकं जमलं नाही.

गेल्या वैशाखात अप्पांना ऊन लागलं. पाशामियाँ दवाखान्यात पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं.

"शेवटी नर्सबाईची करंगळी ओढत राहिले होते," अप्पांची बायको शिवकांता म्हणाली. "तिला काय कळावं, पाशाभाई?"

तेव्हापासून पाशामियाँना घोटभर पाणी गोड लागत नव्हतं.

आता जाहिरात मोबाइलवर गेली. शिरूर अनंतपाळचा बाजार डाळोबाचा शेवटचा. आत रविकिरण नावाचा नवा माणूस असणार होता, तो मोटारसायकलवरून येणार होता. पाशामियाँ हापशावरून बाटली भरून परतले, तर डाळोबा टेम्पोपाशी तयार उभा. त्यांनी त्याचा हात धरला.

भर दुपारी बाजार पेंगत होता. माणसं कांद्याच्या पोत्यांआड सावली धरून बसलेली. मागं एकही पोर नाही. डाळोबा डावा पाय जरा घासत चालत होता. अप्पाही तसेच चालायचे. पाशामियाँना भर बाजारात फार एकटं वाटलं.

नालीपाशी त्यांनी सवयीनं मनगट दाबलं. डाळोबानं पाय उचलून टाकला.

रविकिरणला ही खूण कुणी शिकवली नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

"चाचा, गाडी पंक्चर झाली," रविकिरण सांगत होता. "नळेगावातच हाय मी. डाळोबा टेम्पोतच राहू द्या, आलोच."

पाशामियाँनी हातातल्या हाताकडं पाहिलं. सोडला नाही.

"घाई नको करू, बेटा," ते म्हणाले. "सावकाश ये."

करंगळी ओढली गेली.

त्यांनी बाटली मिशांखालच्या जाळीला लावली. पाणी गटागट आत गेलं. धोतर कोरडं, खालचा फुफाटा कोरडा.

"बस्स का, अप्पा?"

बाटली रिकामी झाली होती. करंगळी पुन्हा ओढली गेली.